वाढवलेलं गाणं

शेवगावच्या दिगंबरशेठ अंदुऱ्यांच्या नातीनं आंतरराष्ट्रीय बालगायन स्पर्धेत म्हटलेलं गाणं तिचं गाऊन झाल्यावरही चालूच राहिलं, आणि त्यामुळं स्पर्धेचा निकाल आठवडाभर लांबला.

एवढं शेवगावात सगळ्यांना ठाऊक आहे. टीव्हीवर अख्ख्या पेठेनं पाहिलंय. पण ते गाणं का चालू राहिलं, हे विचाराल तर चहाच्या टपरीवर एक ऐकायला मिळेल आणि सलूनमध्ये दुसरं. म्हणून पहिल्यापासून सांगितलेलं बरं.

दिगूशेठ म्हणजे कासार. पेठेत बांगड्यांचं दुकान, चौथी पिढी. शाळा सातवीपर्यंत झाली, पुढचं शिक्षण गिऱ्हाइकांनी केलं. समोर बाई येऊन बसली की ती हात पुढं करायच्या आधीच माप सांगणार, दोन-चार की दोन-सहा, आणि बोलता बोलता डझनभर काचेच्या बांगड्या चढवून मोकळे होणार. बाईला कळायचंही नाही. ‘हात आवळला की काच रुसते,’ असं त्यांचं म्हणणं. म्हणून गिऱ्हाइकाला बोलतं ठेवायचं, हसवायचं, हात आपोआप सैल होतो.

तर अशा दुकानात काही शब्द बोलत नाहीत. बांगडी कधी ‘फुटत’ नाही, ती ‘वाढते’. दुकान कधी ‘बंद’ होत नाही, ते ‘वाढवतात’. पूर्वी सगळेच व्यापारी असं बोलायचे. हल्ली लोक काहीही बोलतात. अंदुऱ्यांच्या घरात मात्र हा नियम कडक. चार पिढ्यांत ‘बंद’ हा शब्द दुकानाबाबत कुणाच्या तोंडून निघालेला नाही. सुट्टीच्या पाटीवरसुद्धा ‘गुरुवारी दुकान विश्रांती घेते’ असं लिहिलेलं आहे.

यात अंधश्रद्धा काही नाही, अनुभव आहे. शेजारी बाबूराव खेडकरांचं टोपल्या-सुपांचं दुकान होतं. एका संध्याकाळी उशिरा आलेल्या गिऱ्हाइकाला ते गमतीनं म्हणाले, “बंद झालं बाई, आता उद्या.” दुसऱ्या दिवशी सकाळी कुलूप उघडलं, शटर वर केलं, तर आत दुसरं शटर. ते वर केलं, तर आत तिसरं. दुपारपर्यंत शटरं वर करत बसले, मग नगरहून माणूस बोलावला. तोही संध्याकाळी हात जोडून निघून गेला. खेडकरांनी मग त्याच शटरासमोर हातगाडी लावली. धंदा उत्तम चालतो, तक्रार नाही. फक्त दुकानाचा विषय निघाला की ते आवाज खाली करतात.

दिगूशेठांची नात वल्लरी, घरात वल्ली. वय नऊ. शाळा सुटली की दुकानाच्या फळीवर बसून गायची. तिनं तोंड उघडलं की बायकांचे हात असे सैल पडायचे की दोन-सहाच्या हातात दोन-चारची बांगडी जायची. तिचं एक ठरलेलं गाणं होतं. आजीकडून घेतलेलं, बांगड्या भरतानाचं:

‘मूठ सैल कर सई, मूठ सैल कर,
हिरवं रान चढू दे गं मनगटावर.’

पुढं कुणाच्या तरी लग्नात कुणी तरी ते मोबाइलवर घेतलं, ते कुठं कुठं गेलं, मुंबईत दोन फेऱ्या झाल्या, आणि एके दिवशी पत्र आलं की भारतातर्फे कुमारी वल्लरी अंदुरे. वल्लीचे आईबाप दोघंही मास्तर. त्यांना परीक्षेच्या कामातून रजा मिळेना. म्हणून पालक म्हणून दिगूशेठ निघाले. ज्या देशात स्पर्धा होती त्याचं नाव त्यांना शेवटपर्यंत नीट उच्चारता आलं नाही. घरात त्याला अजूनही ‘तिकडं’ म्हणतात.

तिकडं थंडी फार आणि नियम त्याहून जास्त. स्पर्धेचे प्रमुख लुंड नावाचे गृहस्थ. उंच, नम्र, आणि प्रत्येक वाक्याआधी एक कागद बघणारे. दुभाषी म्हणून मंजिरी कोलते नावाची मुलगी दिली होती. जन्म तिकडचाच, मराठी रविवारच्या वर्गात शिकलेली. पहिल्याच भेटीत ती म्हणाली, “आजोबा, कृपया आसनस्थ व्हावे.” दिगूशेठांनी आधी मागं वळून पाहिलं, कुणी थोर मनुष्य आलाय की काय म्हणून, आणि मग बसले.

तिचं काम सोपं होतं. स्टेजच्या आसपास कुणी आपल्या भाषेत काहीही बोललं, की त्याचा शब्दाला शब्द अर्थ स्पर्धेच्या अधिकृत भाषेत माइकवर सांगायचा. पालकांनी पडद्याआडून पोरांना चोरून काही शिकवू नये, एवढाच हेतू. दुभाष्यानं आपल्या मनाचं काही बोलायचं नाही आणि एकदा सांगितलेला अर्थ बदलायचा नाही. मंजिरी नियमाला पक्की होती.

अंतिम फेरीत वल्लीचा नंबर शेवटून दुसरा. तिच्यानंतर एकच मुलगी, फिनलंडची इडा. सात वर्षांची, केस पांढरे म्हणावेत इतके पिवळे, आणि पुढचा एक दात पडलेला. नाव ऐकून दिगूशेठ हसले होते. “इडा पीडा टळो म्हणतो आपण, आणि यांनी घरातच ठेवली,” असं ते म्हणाले, आणि मंजिरीनं तेही माइकवर सांगितलं. इडाच्या मावशीला वाटलं की आशीर्वाद दिला. तिनं वाकून आभार मानले.

इडाचं गाणं वाऱ्याचं होतं. दर कडव्याच्या शेवटी वारा शीळ घालतो, आणि ती शीळ इडा त्या पडक्या दाताच्या फटीतून काढायची. ओठांनी नाही, फटीतून. तशी शीळ जगात दुसऱ्या कुणाला येत नव्हती, आणि इडालाही दात येईपर्यंतच येणार होती.

वल्ली गायला उभी राहिली. अंगात हिरवं परकर-पोलकं, दोन्ही हातांत आजोबांनी भरलेल्या बांगड्या. पहिल्याच ओळीला परीक्षकांचे हात सैल पडले. एकाच्या हातातलं पेन खाली गेलं. दिगूशेठांनी पडद्याआडून ते पाहिलं आणि मनात म्हणाले, जमलं. वेळ संपत आली तसा तांबडा दिवा लागला. वल्लीचं तिकडं लक्ष नव्हतं. तिनं डोळे मिटले होते आणि ‘मनगटावर’ची तान घेतली होती, ती काही खाली येईना. वेळ ओलांडली तर गुण जातात, हे शेठना ठाऊक होतं. ते दुकानात रोज संध्याकाळी म्हणायचे तसं हळूच म्हणाले, “वल्ले, वाढव आता.”

वल्ली घरची पोर. तिनं तान खाली आणली, हात जोडले, तोंड मिटलं.

पण तेवढ्यात मंजिरीनं माइकवर सांगितलं होतं की पालकांची सूचना, गाणे मोठे करावे. आणि गाण्यानं ते ऐकलं.

वल्ली तोंड मिटून उभी, आणि गाणं चालू. आवाज तिचाच, शब्द तेच, फक्त ते आता तिच्यापासून दोन पावलं डावीकडं होतं. वल्लीनं आजोबांकडं पाहिलं. आजोबांनी मंजिरीकडं. मंजिरीनं लुंडसाहेबांकडं. आणि लुंडसाहेबांनी कागदाकडं.

कागदात लिहिलं होतं की आधीचं गाणं पूर्ण झाल्याशिवाय पुढच्या स्पर्धकानं सुरू करू नये, आणि निकाल लागल्याशिवाय प्रक्षेपण थांबवू नये. गायक थांबला तर काय, याबद्दल काही लिहिलेलं नव्हतं.

गाणं दिसत नव्हतं, पण त्याच्यातून पलीकडं जाता येत नव्हतं, वळसा घालावा लागायचा. ते हळूहळू सरकतही होतं, म्हणून अग्निशमनवाल्यांनी येऊन फीत लावली. दिगूशेठांनी नुसत्या नजरेनं सांगितलं, सुरुवातीला त्याचं माप दोन-चार होतं, रात्रीच्या जेवणापर्यंत चांगलं दोन-दहा झालं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्याकडं त्या मापाची बांगडी उरली नाही.

तिकडची माणसं समजूतदार. प्रक्षेपण थांबवता येत नाही म्हटल्यावर त्यांनी बातम्या गाण्याशेजारी उभं राहून दिल्या, हवामानाचा नकाशा गाण्याच्या डाव्या अंगाला टांगला. स्वयंपाकाच्या कार्यक्रमातली बाई म्हणाली की या गाण्यात कणीक मऊ मळली जाते. रात्री प्रेक्षक घरी जायचे, सकाळी डबे घेऊन परत यायचे. कुणाची तक्रार नव्हती.

फक्त इडाची मावशी रोज सकाळी इडाला खिडकीशी नेऊन तिचं तोंड उघडून बघायची, आणि रोज तिचा चेहरा थोडा उतरायचा. हिरडीखाली पांढरं दिसायला लागलं होतं.

दिगूशेठांना ते कळलं तेव्हा त्यांनी पुढ्यातलं ताट बाजूला सारलं. आपल्या पोरीच्या गाण्यापायी दुसऱ्याच्या पोरीचं गाणं अडलंय, हे त्यांना सोसणारं नव्हतं. पेठेत त्यांनी कधी आपल्या गिऱ्हाइकाची सायकलसुद्धा शेजाऱ्याच्या दारात लावू दिली नव्हती.

लुंडसाहेबांनी त्यांना बोलावलं. मंजिरी मध्ये बसली. तिचे डोळे रडून लाल झाले होते, कारण ‘वाढवणे’चा तो अर्थ रविवारच्या वर्गात शिकवलाच नव्हता. शेठ तिला म्हणाले, “पोरी, तू शब्दाला शब्द दिलास. व्यापारात याला इमान म्हणतात. डोळे पूस.”

लुंडसाहेबांचा विचार सरळ होता. सांगितलेला अर्थ बदलता येत नाही, पण नवा शब्द सांगता येतो. पालकांनी मराठीत ‘बंद’ म्हणावं, दुभाषी त्याचा अर्थ माइकवर सांगेल, गाणं अधिकृत भाषा ऐकतंच. एका शब्दाचं काम.

दिगूशेठांनी लुंडसाहेबांना खेडकरांची हकिकत सांगितली, एकामागच्या एक शटरांसकट. लुंडसाहेबांनी ती लिहून घेतली आणि विचारलं, शेवटचं शटर सापडलं का?

“नाही,” शेठ म्हणाले. “साहेब, तो माणूस सुपं विकत होता. सुपं बाहेर हातगाडीवर मांडता येतात. माझ्या पोरीचा गळा मी कुठल्या हातगाडीवर मांडू? उद्या तिनं तोंड उघडलं आणि आत दुसरं तोंड निघालं तर?”

लुंडसाहेबांना ही अडचण रास्त वाटली. त्यांनी सुचवलं की आधी दुसरे शब्द वापरून पाहावेत.

मग दुसरे शब्द झाले. शेठ स्टेजजवळ जाऊन आदरानं म्हणाले, “थांब.” गाणं थांबलं. म्हणजे सरकायचं थांबलं, एका जागी उभं राहिलं आणि गात राहिलं. स्टँडवर गाडी थांबते, इंजिन कुठं थांबतं? “आवर,” म्हणाले, तर गाण्यानं स्टेज आवरलं. सगळ्या वायरी गुंडाळून एका बाजूला, खुर्च्या ओळीत, सांडलेली फुलं टोपलीत. झाडणाऱ्या बाईनं शेठचा हात हातात घेऊन आभार मानले. “पुरे,” म्हणाले, तर ते सगळ्यांना पुरलं. तोपर्यंत मागच्या चार रांगांना कमी ऐकू यायचं, आता उपाहारगृहात भांडी घासणाऱ्यापर्यंत, बाहेर मोटारीत बसलेल्या ड्रायव्हरपर्यंत, ज्याला जेवढं हवं तेवढं.

“गप बस म्हणू का?” शेठनी वल्लीला विचारलं.

“आजोबा,” वल्ली कमरेवर हात ठेवून म्हणाली, “आजीचं गाणं आहे ते. आजीला म्हणाल का गप बस?”

शेठनी तो विचार सोडून दिला.

वल्लीचा वेळ बरा चालला होता. ती आणि इडा गाण्याच्या आडोशाला बसून खेळायच्या. एकमेकींची भाषा येत नव्हती, त्यामुळं भांडणही होत नव्हतं. वल्लीनं इडाला बांगड्या भरायला शिकवलं, मूठ सैल कशी सोडायची ते. इडानं वल्लीला शीळ शिकवायचा प्रयत्न केला, पण वल्लीचे सगळे दात जागेवर होते. इडा दिगूशेठांना ‘आयोपा’ म्हणायला लागली होती. ती तसं म्हणाली की त्यांना आणखीच अपराध्यासारखं वाटायचं.

बुधवारी संध्याकाळी शेठ गाण्यासमोर पहिल्या रांगेत बसून होते. त्यांनी मनाशी ठरवत आणलं होतं. उद्या सकाळी म्हणून टाकायचं. पोरीचं व्हायचं ते होईल, कालिकामाता बघून घेईल. तोंडात शब्द आणला की मात्र वल्लीचा गळा दिसायचा, आणि शब्द परत जायचा. म्हणून धीर यावा म्हणून त्यांनी घरी फोन लावला.

शकूबाईंनी, म्हणजे वल्लीच्या आजीनं, फोन उचलला. आठवडाभर दुकान त्याच बघत होत्या. “आता फुरसत झाली होय?” त्या म्हणाल्या. “इथं गर्दी बघा. टीव्हीतलं गाणं ऐकून बायका नुसत्या हात सैल करून येतात. थांबा, फोन फळीवर ठेवते, दुकान वाढवायची वेळ झाली.”

फोन फळीवर ठेवल्याचा आवाज आला. मग शेवगावचं शटर खाली आलं. ते शटर शेठच्या वडिलांच्या हातचं, तेल न प्यायलेलं. आधी खडखडखड, आणि अगदी जमिनीला टेकताना एक बारीक, लांब शीळ, सुंईईई. पेठेतल्या लोकांची घड्याळं त्या शिळेवर लागतात.

शेठचा फोन मोठ्या आवाजावर होता, कान म्हातारे झालेले. ती शीळ हॉलभर घुमली, आणि गाणं अडखळलं.

एवढंसंच. ‘मनगटा’ म्हणालं, आणि ‘वर’ म्हणायला विसरलं. हॉलमध्ये सगळ्यांनी माना वर केल्या. मग ते इकडंतिकडं बघितल्यासारखं घुटमळलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.

“आजोबा,” वल्ली धावत आली. “ते दुकानातलं गाणं आहे. फळीवर बसून रोज म्हणायचे मी. शटर खाली आलं की तेही जागेवर बसायचं ना.”

शेठनी कपाळाला हात लावला. वल्लीच्या जन्मापासून ते संध्याकाळी ‘वाढव’ म्हणत आले होते, पण नुसतं कधीच नाही. तोंडानं शब्द, आणि हातानं शटर. इथं त्यांनी गाण्याला शब्द दिला आणि हात रिकामे ठेवले. अर्धं काम करून वर गाण्यालाच दोष. आता शीळ ऐकून ते घुटमळलं, पण पुढ्यात काही खाली आलंच नाही, तर त्यानं तरी काय समजावं?

रात्रीच लुंडसाहेबांकडं अर्ज गेला. स्टेजच्या तोंडाला एक शटर बसवावं. लुंडसाहेबांनी विचारलं, हे कोणत्या सदरात मोडतं? नेपथ्य म्हणावं तर नेपथ्यसमितीची परवानगी, सुरक्षा म्हणावं तर अग्निशमनची. मंजिरीनं पहिल्यांदाच स्वतःहून तोंड उघडलं. ती स्टेजपासून लांब होती, तिथं नियम लागू नव्हता. “महोदय,” ती म्हणाली, “ते वाद्य आहे.” वाद्यांना कुणाची परवानगी लागत नव्हती.

सकाळी एका मासळीच्या दुकानाचं नवंकोरं शटर आलं. दुपारपर्यंत बसलंही. शेठनी कालिकामातेचं नाव घेतलं, कळ दाबली, आणि शटर लोण्यातून सुरी जावी तसं बिनआवाजाचं खाली आलं. पलीकडं गाणं चालूच. त्याला कळलंच नव्हतं.

“असलं कसलं शटर,” शेठ म्हणाले. “चोरासारखं येतं.”

खडखडाटाचं जमलं. साथीला ढोल वाजवणाऱ्या पोरांनी दोन्ही बाजूंनी पत्रे हलवायचं कबूल केलं. प्रश्न शिळेचा होता. शेठनी घाईघाईनं घरी फोन लावला.

“आज गुरुवार,” शकूबाई म्हणाल्या. “दुकान विश्रांती घेतंय.”

“तरी एकदा वर करून खाली—”

“अहो, भान आहे का? आज उघडलं म्हणजे धंदा करावा लागेल. गिऱ्हाईक न घेता उघडून वाढवलेलं दुकान कधी बघितलंय तुम्ही?”

शेठनी बघितलं नव्हतं. बरोबर होतं शकूबाईंचं. शुक्रवारपर्यंत थांबावं, तर इकडं इडाची मावशी रुमाल तोंडाला लावून बसलेली. दाताचं टोक त्या सकाळी बाहेर आलं होतं. उद्यापर्यंत फट बुजणार.

इडा आणि वल्ली शटरापाशी बसून सगळं ऐकत होत्या. वल्लीला मराठी कळत होती, इडाला मावशीचा चेहरा. वल्लीनं इडाच्या तोंडाकडं बघितलं, मग शटराकडं, आणि मग इडाचा हात धरून तिला उभं केलं. तिनं हातानं शटर खाली येतंय असं दाखवलं, आणि ते जमिनीला टेकलं तिथं बोट ठेवून इडाच्या दाताकडं बोट केलं.

इडानं मान हलवली.

दिगूशेठ मध्ये आले. ते इडापुढं उकिडवे बसले आणि म्हणाले, “बाळा, थोडीच उरलीय ती शीळ. आमच्यासाठी खर्च केलीस, आणि तुझ्या गाण्याला उरली नाही, तर?”

मंजिरीनं शब्दाला शब्द सांगितलं. मावशीनं ते इडाला तिच्या भाषेत सांगितलं. इडानं उत्तर दिलं, ते तसंच उलटं परत आलं. मंजिरी म्हणाली, “आजोबा, ती म्हणते, मूठ सैल करा.”

शेठ उठले, त्यांनी शटर पुन्हा वर करून घेतलं आणि ते स्टेजच्या मध्ये गेले. वल्लीनं गाण्यासमोर पणती ठेवली, हात जोडले. शेठ रोजच्या आवाजात, दुकानातल्या आवाजात म्हणाले, “वल्ले, वाढव आता.” मंजिरीनं माइकवर तोच जुना अर्थ सांगितला, पण या वेळी पाठोपाठ वल्लीनं कळ दाबली. पत्र्यांनी खडखडखड केलं. शटर खाली येत गेलं, आणि ते जमिनीला टेकताना इडानं डोळे मिटून त्या उरल्यासुरल्या फटीतून शीळ घातली. बारीक, लांब, थेट शेवगावची.

गाण्यानं ‘मनगटावर’ पूर्ण म्हटलं. मग आत कुणी तरी पाय पुसून जागेवर बसावं तसा एक आवाज आला, आणि शांत झालं.

हॉलमध्ये आठवड्यानं शांतता आली होती. लोकांना काय करावं कळेना. लुंडसाहेबांनी कागद बघितला, घड्याळ बघितलं, आणि पुढच्या स्पर्धकाचं नाव पुकारलं.

इडा शटरापुढं उभी राहून गायली. पहिल्या कडव्याला शीळ निघाली. दुसऱ्याला निघाली. तिसऱ्याच्या शेवटी तिनं जीभ लावली आणि नुसतीच हवा आली. तेव्हा शटराच्या मागून, अगदी हळू, कुणी तरी ती शीळ पूर्ण केली. परीक्षकांनी एकमेकांकडं पाहिलं. नियमात शटरामागच्यांबद्दल काही नव्हतं. त्यांनी गुण दिले.

इडा दुसरी आली. पहिला नंबर एका मुलाला मिळाला. त्याचं गाणं सगळ्यांत छोटं होतं आणि ते तो पहिल्याच दिवशी म्हणून मोकळा झाला होता. वल्ली तिसरी. तिचे वेळ ओलांडल्याचे गुण कापले होते, ते दिगूशेठांना मान्य होतं. ते म्हणाले, “गाणं तर अजून आहे. निकालाची घाई त्यांना होती.”

निघताना शेठनी लुंडसाहेबांना समजावून सांगितलं. गाणं वाढवलंय, दुसरं काही केलेलं नाही. म्हणजे ते सकाळी उघडायला पाहिजे. शटर वर करायचं, पुढं पाणी मारायचं, पणती लावायची. आणि पहिल्या, म्हणजे भवानीच्या, गिऱ्हाइकाला रिकाम्या हातानं पाठवायचं नाही. लुंडसाहेबांनी सगळं लिहून घेतलं आणि ते नियमात घातलं.

आता तिकडं रोज सकाळी शटर वर जातं. सगळ्यांत आधी झाडणारी बाई येते, एक कडवं ऐकते, आणि हात सैल सोडून कामाला लागते. मग शाळेतली पोरं येतात, दुपारी म्हातारी माणसं येतात. कणीक मळणाऱ्या बाईनं शेजारीच पावाचं दुकान काढलंय.

संध्याकाळचा प्रश्न होता, कारण इडाला दात आला. चांगला, पांढराशुभ्र, सरळ. तिच्या मावशीनं फोटो पाठवला, तो दिगूशेठांच्या दुकानात कालिकामातेच्या तसबिरीखाली लावलेला आहे. म्हणून आता रोज संध्याकाळी तिकडून शेवगावला फोन येतो. दिगूशेठ तो फळीवर ठेवतात आणि दुकान वाढवतात. खडखडखड, सुंईईई. एका ओढीत दोन्हीकडचं होतं.

परवा खेडकरांनी हातगाडीवरून विचारलं, “काय दिगूशेठ, आज लवकर?”

“तिकडं बर्फ पडतंय,” शेठ म्हणाले. “गाण्याला आज जरा आधी वाढवायचंय.”

खेडकरांनी मान हलवली आणि आपली सुपं आवरायला घेतली.

गुरुवारी दोन्हीकडं विश्रांती असते.